व्हीआरमध्ये दृश्य बदलायचं, पण बटण न दाबता

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतल्या तिघा विद्यार्थ्यांचा गट जवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर, दहा-बारा मिनिटांचा व्हीआर (हेडसेट घालून बघायचा आभासी जगाचा) अनुभव तयार करतोय. जमिनीवरचं हरिपूर, पेवाचं पोट, संगमेश्वराचं देऊळ आणि २०१९ चा पूर अशी त्यात चार ठिकाणं आहेत. एकीकडून दुसरीकडे जाताना ते दृश्य काळं करतात आणि नवं उजळवतात. पाहणारे म्हणतात, ‘अल्बमची पानं उलटल्यासारखं वाटतं.’ शरीराच्या हालचालीनं दृश्य बदलता येईल का, हालचाली कुठल्या निवडायच्या आणि चक्कर कशी टाळायची, असं त्यांनी विचारलंय.

मी बारा वर्षं सांगलीत नाटकांची प्रकाशयोजना केली आणि गेली आठ वर्षं व्हीआरचं काम करते आहे. एक जागा संपवायची आणि दुसरी सुरू करायची, हे काम दोन्हीकडे माझ्याच वाट्याला आलं. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे आणि उत्तर लांबणार आहे.

आधी काळ्या फेडबद्दल. फेड वाईट नाही. चकरेच्या बाबतीत तो सगळ्यात निर्धोक बदल आहे आणि शेवटचा आधार म्हणून तो प्रत्येक प्रसंगात तयार ठेवावाच लागतो. पण नाट्यगृहात काळोख होतो तेव्हा तो रंगमंचावर होतो. आपली खुर्ची, शेजारचा माणूस, पायाखालची फरशी जागच्या जागी असतात. व्हीआरमध्ये प्रेक्षक रंगमंचावरच उभा असतो. तिथे काळोख केला की त्याच्या पायाखालची जमीनही जाते, आणि त्याला न विचारता दुसरीच जमीन येते. दोन-तीनदा असं झालं की तो मनानं मागे सरतो आणि दाखवतील ते बघत उभा राहतो. तुमच्या पाहुण्यांना अल्बम आठवला तो यामुळे.

पडद्याशिवाय जागा बदलायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तमाशाच्या वगात राजा आणि शिपाई बोलत बोलत एक फेरी मारतात आणि दुसऱ्या गावात पोचतात. गाव नेमकं कधी बदललं, असं कुणी विचारत नाही. संस्कृत नाटकांत ‘परिक्रम्य’ अशी सूचनाच असते. पात्रानं फिरून यायचं, की ठिकाण बदललं. नाट्यशास्त्रात कक्ष्याविभाग सांगितलेत, म्हणजे रंगमंचाचे असे भाग, की एकातून दुसऱ्यात पाऊल टाकलं की आपण वेगळ्या जागी गेलो. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं पहिला प्रयोग केला, तेव्हाही कथेला पुढे नेत होतं ते सूत्रधाराचं गाणं. तुम्ही ज्या गावात बसून हे काम करताय तिथल्या मातीत ही रीत आहे. फरक एवढाच, की व्हीआरमध्ये फेरी मारणारं पात्र म्हणजे प्रेक्षक स्वतः.

आता हालचाल कशी निवडायची. इथे मी स्वतः मोठी चूक केली होती, ती आधी सांगते. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान बांधलेली, अष्टकोनी, आणि पायऱ्यांनी आत उतरता येईल अशी. तिच्यावर मी एक अनुभव केला होता. पहिल्या आराखड्यात हात डावीकडून उजवीकडे फिरवला की दृश्य बदलायचं, मोबाईलवर फोटो सरकवतो तसं. सुरुवातीला हे शिकवण्यात वेळ जायचा. त्याहून वाईट म्हणजे लोक नको तेव्हा हात फिरवायचे. एक आजी दगडातलं शिल्प नातवाला दाखवायला म्हणून हात लांब करत होत्या आणि तेवढ्यात शिल्पच नाहीसं झालं. त्या इतक्या गोंधळल्या, की पुढचा सगळा वेळ दोन्ही हात पदरात गुंडाळून उभ्या राहिल्या. त्यांचं कुतूहल माझ्या खुणेनं मारलं होतं.

मग मी दोन दिवस नुसती त्या विहिरीवर जाऊन बसले. कॅमेरा बंद ठेवला आणि येणाऱ्या माणसांच्या माना, हात, पाय बघत राहिले. कमानीशी आला की जवळजवळ प्रत्येक जण मान थोडी झुकवतो. डोक्याला लागण्यासारखं नसतं तरी झुकवतो. एक हात भिंतीला टेकतो. आत शिरला की थांबतो आणि मान वर करून आभाळाचा तुकडा बघतो. मला हव्या होत्या त्या सगळ्या हालचाली तिथे आधीपासून होत्या. खुणा मी काढून टाकल्या. कमानीखाली मान झुकली की आधीचं दृश्य संपायचं, वर बघितलं की नवं उघडायचं. शिकवायचं काही उरलंच नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की कोडला हात लावायच्या आधी हरिपूरला जा. पेवांवर काम केलेल्या एखाद्या मामांना विचारा, ‘पेवाचं तोंड उघडताना तुम्ही कसे उभे राहायचा, दाखवा जरा.’ ते बोलून सांगायला लागतील, पण तुम्ही करून दाखवायला लावा. गुडघा कुठे टेकतो, हात कशाला धरतो, नजर कधी कुठे जाते, एवढंच वहीत उतरवा.

अशा हालचालींपैकी प्रत्येक उपयोगाची नसते. मी दोन गोष्टी बघते. एक म्हणजे, ती हालचाल करताना डोळ्यांसमोरचं आपोआप झाकलं जातं का? वाड्याच्या दिंडी-दरवाजातून वाकून शिरताना चौकट नजर भरून टाकते. वळताना पाठीमागचं दिसत नाही. कोनाड्यात डोकावताना बाजूचं सगळं जातं. दृश्य बदलायचं ते या झाकलेल्या क्षणात. दुसरं म्हणजे, हालचालीला जाणं आणि येणं असे दोन भाग आहेत का? वाकणं आणि उठणं, वळणं आणि परत फिरणं. पहिल्या भागात आधीची जागा सुटते, दुसऱ्या भागात नवी मिळते. हात हलवण्यात हे नसतं, म्हणून तो बदल बटणासारखाच कोरडा वाटतो.

आता तुमचं पेव. माझ्या मते तुमच्या अख्ख्या अनुभवातला सगळ्यात सुंदर बदल इथे आहे आणि तुम्ही तो दीड सेकंदाच्या काळ्या फेडमध्ये घालवताय.

पेवाचं तोंड माणूस उतरेल एवढं अरुंद, आत पोट मोठं. उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा जाऊ द्यायची, कंदील सोडून बघायचा, ज्योत टिकली तर माणूस आत जातो. ही रीतच तुमचा दृश्यबदल आहे. प्रेक्षकाच्या हातात कंदिलाची दोरी द्या. हात छातीपासून कमरेपर्यंत खाली नेला की कंदील तेवढाच खाली जाईल. पुन्हा हात वर, पुन्हा खाली. हात-हात दोरी सुटते आणि खोली अंगाला कळते. तीन-चार हात दोरी सुटल्यावर ज्योत इतकी खाली गेलेली असते, की ती दिसायला वाकावंच लागतं. ‘वाका’ असं कुठेही लिहू नका. माणूस ज्योतीसाठी वाकतो.

तो वाकला की पेवाच्या तोंडाची कड नजरेबाहेर जाते. उरतो काळोख आणि ज्योत. इथे बदल करायचा. पण एक अडचण येते, ती मला चार-पाच वेळा करून बघितल्यावर कळली. वरून बघताना ज्योत बरीच खाली असते, आणि पेवात पोचल्यावर ती पायाशी, दीड मीटरवर हवी. दोन डोळ्यांना अंतराचा हा फरक लगेच कळतो आणि ज्योत उडी मारल्यासारखी दिसते. उपाय त्या रीतीतच आहे. हवा कमी असली की ज्योत फडफडते, मंद होते. अर्धा सेकंद तिला जवळजवळ विझू द्या आणि परत पेटते ती नव्या अंतरावर पेटू द्या. प्रेक्षकाचा जीव त्या ज्योतीत अडकलेला असतो. ती परत आली याच आनंदात तो सरळ उभा राहायला लागतो, आणि उठताना त्याला कळतं की तोंड आता डोक्यावर आहे, वरून उजेडाचा गोल पडलाय आणि भोवती पेवाची भिंत आहे.

आवाज आधी बदला. डोकं पेवाच्या तोंडाजवळ येईल तसा बाहेरचा पाखरांचा, गाड्यांचा आवाज कमी करत न्या आणि श्वास घुमल्यासारखा येऊ द्या. कानाला जागा आधी मिळाली की डोळा तिला सहज मानतो. नाटकातही पुढच्या प्रवेशाचा आवाज काळोखातच सुरू करायची पद्धत आहे.

मोजमापाचं सांगते, कारण बहुतेक गट इथे फसतात. डोक्याची उंची सेंटिमीटरमध्ये पक्की धरू नका. शाळेतली मुलगी आणि सहा फुटी माणूस दोघांनाही ते चालणार नाही. सुरुवातीला शीर्षक वाचत प्रेक्षक उभा असतो, तेव्हा गुपचूप त्याची उभी उंची टिपा. मग डोकं त्या उंचीच्या ७५ टक्क्यांखाली आलं, नजर निदान ४५ अंश खाली आहे आणि डोकं पेवाच्या तोंडाच्या जवळ आहे, हे तिन्ही जुळलं तरच बदल. ‘उठला’ असं मात्र ८५ टक्क्यांवर धरा. दोन आकड्यांमध्ये फट ठेवली नाही तर कडेवर डोलणाऱ्या माणसाचं दृश्य पुढेमागे होत राहतं. हे आकडे माझ्या कामातून आलेले आहेत, तुमच्या लोकांवर तपासून बदला. आणि उंची डोक्याचीच मोजा, गुडघ्याची अपेक्षा ठेवू नका. कुणी कमरेत वाकेल, कुणी उकिडवं बसेल, दोन्ही चालायला हवं. आपल्याकडे पन्नाशीनंतर गुडघे न दुखणारा माणूस विरळा, त्यामुळे उकिडवं बसायला लावणारा एकही प्रसंग मी ठेवत नाही.

पेवाचं आतलं दृश्य दोरी सुटत असतानाच पार्श्वभूमीत लोड करून ठेवा. ९० हर्ट्झवर चालणाऱ्या, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवणाऱ्या हेडसेटला एक चित्र काढायला ११ मिलिसेकंद मिळतात, ७२ हर्ट्झवर साधारण १४. बदलाच्या क्षणी लोडिंग सुरू केलंत तर चित्र अडखळतं, आणि वाकलेल्या माणसासमोर चित्र अडखळणं हे तोल जाण्याचं थेट कारण आहे.

तोलाची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगते. माझ्या एका कामात आभासी कठडा होता. एक मावशी नदीकडे बघत त्याच्यावर सहज टेकायला गेल्या. कठडा नव्हताच. मनगट मुरगळलं, आणखी काही झालं नाही हे नशीब. चूक पूर्ण माझी होती. टेकावंसं वाटेल अशी कड मी दाखवली आणि तिथे हवा ठेवली. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. हात टेकेल अशी जी कड दिसते, तिथे खरी वस्तू असते. पेवाच्या तोंडाशी कमरेएवढा, जड बुडाचा लाकडी कठडा खोलीत खरोखर ठेवा आणि चित्रातला कठडा त्याच्यावर अचूक बसवा. अर्धा किलो वजनाचं यंत्र डोक्याला बांधून माणूस पुढे झुकतो, तेव्हा त्याला आधार हवाच. शिवाय खऱ्या लाकडाचा स्पर्श झाला की सगळ्या पेवावरच विश्वास बसतो. हा फायदा मला नंतर कळला.

एक मोह मात्र टाळा. कॅमेरा हळूहळू खाली नेऊन पेवात ‘उतरवण्याचा’. आपल्या कानाच्या आतल्या भागात वळणं मोजणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, आणि सरळ रेषेतला वेग बदलला की ओळखणारे दोन छोटे अवयव. डोळे म्हणतात खाली चाललोय, कान म्हणतात जागेवर उभा आहे. या भांडणातून मळमळ, घाम, चक्कर सुरू होते. म्हणून माझ्या कामात कॅमेरा कधीच स्वतःहून हलत नाही. प्रेक्षक जेवढा खरा वाकतो तेवढाच दृश्यातही वाकतो, उठतो तेवढाच उठतो. जग बदलतं, पण हालचाल त्याचीच राहते. शरीराच्या हालचालीनं केलेला बदल चकरेच्या बाबतीत फेडइतकाच सुरक्षित ठरू शकतो, तो या एका अटीवर. लिंबच्या विहिरीच्या पायऱ्या मी याच कारणासाठी सोडून दिल्या. सपाट फरशीवर पायऱ्या उतरल्याचा भास देता येतो, पण पाय आणि डोळे यांच्यातला तो खोटा मेळ निम्म्या लोकांना सोसत नव्हता. टप्प्यावरून टप्प्यावर, प्रत्येक वेळी कमानीखालून, असं केल्यावर तक्रारी थांबल्या.

आता संगमेश्वर. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं शंकराचं देऊळ, आणि शंकराला प्रदक्षिणा सोमसूत्री. सोमसूत्रापर्यंत, म्हणजे गाभाऱ्यातलं पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हळीपर्यंत जायचं, ते ओलांडायचं नाही, आल्या वाटेनं परत फिरायचं. तुमच्याकडे अडीच मीटर लांब-रुंद मोकळी जागा असेल असं धरते. त्यात मध्ये गाभाऱ्याची भिंत कल्पून अर्धवर्तुळाची वाट सहज बसते, आणि परत फिरणं त्या रीतीतच आहे. प्रेक्षक सोमसूत्राशी थांबून वळतो तेव्हा त्याच्या पाठीमागे असलेलं सगळं तुमच्या हातात असतं. आजच्या चांगल्या हेडसेटमध्ये आडवं जेमतेम ११० अंश दिसतं, उरलेले अडीचशे अंश डोळ्यांआड. जाताना आवारात हळदीची पोती, उन्हात बसलेली माणसं. परत येताना तीच वाट ओली, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ, पोती नाहीत. तो त्याच वाटेनं आला आणि काळ बदलला. फेड नाही, आवाज करून लक्ष वेधणं नाही.

लोकांच्या लक्षात येईल का, अशी शंका वाटत असेल. अमेरिकेत एव्हान सुमा हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असा प्रयोग मांडला होता. आभासी खोलीत माणसाचं लक्ष दुसरीकडे असताना पाठीमागच्या दाराची जागाच बदलायची. ७७ जणांपैकी एकालाच ते नक्की कळलं. अर्थात तुम्हाला उलट हवंय. बदल होताना दिसायला नको, पण झालेला कळायला हवा. म्हणून एखादी वस्तू दोन्ही काळांत तशीच ठेवा. नंदी ठेवा. नंदी ओळखीचा दिसला की बाकी काय बदललं ते माणूस शोधायला लागतो.

याच्या जोडीला चालण्याची दिशा नकळत वळवायचं तंत्र आहे, त्याच्याबद्दलही कुणीतरी तुम्हाला सुचवेल. २०१० मध्ये संशोधक फ्रांक श्टाइनिके आणि सहकाऱ्यांनी माणसाला कुठपर्यंत फसवता येतं ते मोजलं. वळताना खरं वळण दिसणाऱ्या वळणापेक्षा ४९ टक्के जास्त किंवा २० टक्के कमी झालं तरी कळत नाही. पण सरळ चालतोय असं वाटत असताना माणसाला न कळू देता गोल फिरवायचं असेल तर त्या गोलाची त्रिज्या निदान २२ मीटर लागते. सांगलीत एवढं सभागृह घेऊन तुम्ही काय करणार? ते सोडून द्या. वळणावरची सूट मात्र कामाची आहे. सोमसूत्राशी वळताना माणसाला थोडं जास्त वळवून तुम्ही त्याला खोलीच्या मध्याकडे आणू शकता. मी १५ टक्क्यांपुढे जात नाही.

दृश्यबदलाचा आठवणीशीही संबंध आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल रॅडवान्स्की यांनी २००६ मध्ये आभासी खोल्यांत आणि २०११ मध्ये खऱ्या खोल्यांत असं दाखवलं, की दार ओलांडल्यावर आधीच्या खोलीतलं माणूस जास्त विसरतो. २०२१ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात नुसत्या दारानं तसं होताना दिसलं नाही. डोक्यात आधीच दुसरं काम चालू असेल तर होतं. आपला प्रेक्षक तर दोरी सांभाळतो, तोल सांभाळतो, आवाज ऐकतो. त्याच्या डोक्यात काम असतंच. म्हणून पेव किती खोल, हळद किती वर्षं टिकते अशी माहिती वाकायच्या अगदी आधी सांगू नका, ती वाहून जाईल. उठल्यावर, वर उजेडाचा गोल दिसल्यावर, थोडा वेळ थांबून सांगा.

पुराच्या प्रसंगाबद्दल मला जपून बोलायचंय. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हरिपूरची किती पेवं त्यात गेली हे तुम्ही तिथे ऐकलंच असेल. तुमचा अनुभव बघायला येणाऱ्यांत छतावर रात्र काढलेली माणसं असणार. तुमच्या आराखड्यात पाणी चढतं आणि प्रेक्षकानं मागे सरकायचं असं आहे. ते करू नका. आंधळेपणानं मागे चालणारा माणूस धडपडतो, हे एक. दुसरं म्हणजे पाण्यापासून मागे हटणं ही भीतीची हालचाल आहे, आणि ती शरीराकडून करून घेतली की शरीर सगळंच आठवतं. माझ्या एका प्रयोगात नदीचा नुसता आवाज वाढल्यावर एक गृहस्थ ताठ उभे राहिले आणि त्यांना बोलता येईना. हेडसेट काढून त्यांना खुर्चीत बसवलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘दार उघडत नव्हतं.’

त्या प्रसंगात बदल बसण्यानं करा, असं मी सुचवेन. उंच ओट्यावर एक बाकडं, खोलीतही खरं बाकडं. प्रेक्षक दमून, आपणहून बसतो. बसला की वेळ पुढे जातो. पाणी चढताना दाखवूच नका. बसला तेव्हा संध्याकाळ होती, मान वर केली तेव्हा पहाट आहे, पाणी स्थिर आहे, लांबून बोटीवरून कुणी हाक मारतंय. बसणं ही आपल्याकडे वाट बघण्याची, सोसण्याची हालचाल आहे. पुरात माणसांनी मुख्यतः तेच केलं. आणि बाहेर पडायची एक खूण सगळ्यांना आधीच सांगून ठेवा: दोन्ही हात डोळ्यांवर. भीती वाटली की माणूस तेच करतो. कंट्रोलर हातात असतील तर दोन्ही हेडसेटपासून वीतभर अंतरावर आले की दृश्य शांतपणे मावळवा. नुसत्या हातांचं ट्रॅकिंग वापरत असाल तर सावध राहा. हात हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांच्या इतके जवळ आले की ते दिसेनासे होतात, म्हणून ‘हात वर येत होते आणि मग दोन्ही हरवले’ ही खूण धरावी लागते.

दहा मिनिटांत तीन हालचाली पुरेत. वाकणं, वळणं, बसणं. श्वासानंही करता येतं. कॅनडाच्या चार डेव्हिस (Char Davies) या कलावतीनं १९९५ मध्येच श्वास घेतला की वर, सोडला की खाली असं जग उभं केलं होतं. पण त्याला छातीचा पट्टा लागतो, आणि तुमच्याकडे रांग असेल. प्रत्येक हालचालीचं बसून करता येणारं रूपही ठेवा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाची ‘उभी उंची’ म्हणजे त्याची बसलेली उंची धरा, थोडी मान झुकवली तरी पेव उघडू दे. आणि दोरी धरून कुणी वाकलंच नाही तर? वीस सेकंद थांबा, ज्योत हलवा, आतून आवाज द्या. तरीही नाही, तर तुमचा जुना फेड आहेच. कुणाला अडकवून ठेवायचं नाही.

तपासायला व्हीआर कधीच न घातलेली माणसं बोलवा. मार्केट यार्डातले हमाल, घरच्या आत्या, शाळेतले शिक्षक. हेडसेट घातल्यावर तुम्ही तोंडातून शब्द काढू नका, तोल जाईल तिथे हात द्यायला मात्र शेजारी उभे राहा. एखाद्याला ‘आता वाका’ सांगावंसं वाटलं, तर तिथे वहीत खूण करा, त्या जागी आराखड्यात कमी आहे. नंतर ‘आवडलं का’ असं विचारू नका. ‘तुम्ही पेवात कसे गेलात?’ असं विचारा. कुणी म्हणालं ‘मग दृश्य बदललं’, तर काम बाकी आहे. कुणी म्हणालं ‘मी वाकून बघितलं आणि आत होतो’, तर झालं.

शेवटचा बदल बहुतेक सगळे विसरतात, तो म्हणजे हेडसेट काढणं. पेवातून बाहेर यायचा प्रसंग शेवटी घ्या. प्रेक्षक वर बघतो, तोंडाच्या उजेडाच्या गोलात मामांचा चेहरा दिसतो, ते हात खाली करून म्हणतात, ‘या वर.’ माणूस दोन्ही हात वर करतो. उजेड वाढत जाऊन सगळं पांढरं होतं, आणि त्याचे हात आधीच कानांपाशी असतात. तुमच्यापैकी एकानं त्या वेळी शेजारी उभं राहून हेडसेट खालून हलकेच धरायचा आणि मामांचेच शब्द म्हणायचे.